चाकावरची काजळी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावरून फेरफटका मारा. दर दोन घरांआड अंगणात गाडी काढून ठेवलेली दिसेल आणि बालदी नि फडकं घेऊन कोणीतरी तिच्याभोवती फिरत असेल. छप्पर धुतात, काचा पुसतात, बॉनेटवर हात फिरवून फिरवून तिचा आरसा करतात. झेंडूची माळ किती लांब हवी ते मापून ठेवतात. आणि चाकं? त्यांच्यावर शेवटी बालदीत उरलेलं गढूळ पाणी फेकायचं, झालं. चाकाखाली लिंबू ठेवायची आठवण सगळ्यांना असते, चाकाकडे बघायची कोणालाच नसते.

मीही त्यातलाच. चाकाकडे बघायला मी दोनदा शिकलो. एकदा डिचोलीत, स्वतःच्या चुकीने. दुसऱ्यांदा घरापासून हजाराहून अधिक किलोमीटरवर, राजेगावात.

आधी डिचोलीची गोष्ट. आमचा भाग खाणींचा. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणकाम स्थगित केलं आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही ते थांबवलं. त्याआधी आमच्या रस्त्यांवरून दिवसभर खनिजाचे ट्रक धावत. झाडांची पानं तांबडी, घरांची कौलं आणखी तांबडी, दोरीवर वाळत घातलेलं पांढरं धोतरही संध्याकाळपर्यंत गुलाबी. त्या काळात मी पहिली गाडी घेतली, जुनीच, पण तिला अलॉयची चाकं होती. त्यांचं मला कोण अप्रूप! वर्षभरात त्या चाकांवर एक काळपट-तपकिरी थर बसला. साबणाने जाईना, घासून जाईना. मला वाटलं, ही खाणीची माती, हट्टी आहे. मग एका रविवारी मी न्हाणीघर धुवायच्या ऍसिडची बाटली आणली आणि ओतली.

फेस आला, धूर आला, खोकला आला. पण चाक असं काही निघालं, की वा! दोन मिनिटांत नवंकोरं. शेजाऱ्याला बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर चाकावर पांढरे डाग, कोड फुटल्यासारखे. चार महिन्यांत वरचा पारदर्शक लेप पापुद्र्यासारखा सुटू लागला आणि खालचा धातू खडबडीत, राखाडी, मेलेला दिसू लागला. चाकांना बांधलेले नटसुद्धा गंजले. मळ गेला होता, पण सोबत चाकाचं कातडंही घेऊन गेला होता.

आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर ती हसली असती. चवथीच्या आधी ती समया आणि तांब्याची भांडी काढायची, बिंबलं ठेचून त्यांच्या रसाने किंवा चिंचेच्या कोळाने ती उजळायची. पण जर्मनच्या टोपाला, म्हणजे ऍल्युमिनियमच्या भांड्याला, ती चिंच लावू देत नसे आणि सोडाही लावू देत नसे. "त्याला आंबटही सोसत नाही नि खारही सोसत नाही," हे तिचं म्हणणं. रसायनशास्त्रात हेच शिकवतात. ऍल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर असतो, तो त्याचं रक्षण करतो. आम्ल आणि तीव्र अल्कली, दोन्ही तो थर खातात. अलॉय चाक म्हणजे मुख्यतः ऍल्युमिनियमच, वर रंग आणि त्यावर पारदर्शक लाखेचा लेप. आजीचं ऐकायला हवं होतं. असो.

आता राजेगाव. माझी थोरली बहीण तिकडे दिली आहे. कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने निघावं, दुपारी बसलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदिया येतं. अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडून झालेला असतो. गोंदियाहून बालाघाटच्या रस्त्याला लागलं की मध्ये बाघ नदी येते. पूल ओलांडला की मध्यप्रदेश, आणि राजेगाव. पाट्या हिंदी होतात, पण घराघरांत मराठी, पोवारी आणि हिंदी एकमेकांत मिसळून नांदतात. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी नागपूर, भंडारा आणि बालाघाट एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूरच होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात, त्याचा स्वतंत्र जिल्हा १९९९ साली झाला. नदीच्या मध्यावरून रेघ ओढली गेली तरी सोयरिकी दोन्ही तीरांवर होतच राहिल्या. आम्हा गोवेकरांना असल्या रेघा नव्या नाहीत.

एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, भावोजी गेले. आठ दिवसांत सगळं आटोपलं. मी पोचूही शकलो नाही. पुढच्या दोन वर्षांत ताईने घर सावरलं, शेत बटाईला दिलं, भाचीचं कॉलेज सुरू झालं. एकच गोष्ट तिने केली नाही. पडवीच्या बाजूला पत्र्याखाली भावोजींची गाडी उभी होती, तिला तिने कोणाला हात लावू दिला नाही. विकायची नाही, चालवायची नाही, धुवायचीसुद्धा नाही. दर दसऱ्याला तिच्यावर एक फूल ठेवायची, बस्स.

२०२३ च्या नवरात्रात तिचा फोन आला. "भाची आता गाडी शिकली. रोज गोंदियाला जावं लागतं. तू ये आणि गाडी चालायजोगी करून दे. पण दुसऱ्या कोणाला देऊ नको, तूच कर."

मी गाडीचा जाणकार नाही. पण डिचोलीतल्या फजितीनंतर चाकं कशी साफ करावीत याचं मी पुष्कळ वाचन केलं होतं आणि आपल्या गाडीवर प्रयोगही केले होते. पिशवीत दोन मऊ ब्रश, रबरी हातमोजे, चष्मा, मास्क आणि चाकावरचं लोखंड विरघळवणाऱ्या द्रवाची एक बाटली घालून मी निघालो.

गाडी पाहिली आणि पोटात कालवलं. छपरावर चिमण्यांनी संसार थाटून मोडलेला, टायर बसलेले, बॅटरी मेलेली. आणि चाकं तर ओळखू येईनात. वर दोन वर्षांची मातीची धूळ, तिच्याखाली काळाकुट्ट थर.

हा काळा थर कशाचा, हे थोडं सांगायला हवं, कारण बहुतेकांना तो रस्त्याचा चिखल वाटतो. मलाही वाटलाच होता. आपण ब्रेक दाबतो तेव्हा चाकाच्या आत फिरणाऱ्या बिडाच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात. घर्षणाने गाडी थांबते, आणि दर वेळी तबकडीही झिजते, पॅडही झिजतात. ती झीज म्हणजे ही पूड. तिच्यात मुख्यतः लोखंड असतं, शिवाय पॅडमधलं कार्बन, राळ आणि पुष्कळदा तांबं. कण गरम गरम उडतात आणि चाकाच्या लेपावर जाऊन बसतात. मग दव पडतं, पाऊस येतो, लोखंडाचे कण गंजतात आणि गंजता गंजता लेपात रुततात. म्हणून ती पूड साबणाला दाद देत नाही. ती नुसती वर बसलेली नसते, तिने मूळ धरलेलं असतं. आपल्याकडे समुद्राचा खारा वारा तिला आणखी मदत करतो.

म्हणजे डिचोलीत मी ज्याला खाणीची माती समजत होतो, तो माझ्याच गाडीच्या थांबण्याचा हिशेब होता. आणि राजेगावात माझ्यापुढे भावोजींचा हिशेब होता. गोंदियाचं फाटक, पुलावरचा खड्डा, रस्त्यात आडवी आलेली गाय... दर थांबण्याची चिमूटभर पूड. ताई धुवू का देत नव्हती, ते मला तेव्हा कळलं. तिला हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं. तिला ते नुसतंच ठाऊक होतं.

सकाळी गाडी ढकलून आंब्याच्या सावलीत आणली. गावातला एक मुलगा मदतीला आला होता. मोटरसायकली धुवून देतो, हात चालवायला हुशार. चाकं पाहून तो म्हणाला, "मामाजी, तेजाब मारो. दो मिनट में चमकेगा." आणि धावत जाऊन बाटली घेऊनही आला. त्याचे हात मी पाहिले. बोटांची टोकं सोललेली, नखांच्या कडा पिवळ्या. मोजे कधी घातले नव्हते.

त्या बाटलीपुढे मला माझी डिचोलीतली चाकं आठवली. त्याला बसवून सगळी गोष्ट सांगितली, पांढऱ्या डागांसकट. आणि त्याला जे सांगितलं तेच इथेही सांगतो. न्हाणीघराच्या ऍसिडचा धूर ब्लीचिंगच्या पाण्याला भेटला तर क्लोरीन वायू सुटतो, तो छातीत जातो. त्याहून वाईट म्हणजे काही झटपट चाक-क्लीनरमध्ये फ्लोराइडची आम्लं किंवा क्षार असतात. ती कातडीवर पडली तर कधीकधी लगेच दुखतही नाही, पण आत हाडापर्यंत पोचतात. बाटलीवरचं लेबल वाचायचं, हायड्रोफ्लोरिक किंवा बायफ्लोराइड असं काही दिसलं तर ती परत फडताळात नव्हे, दुकानात ठेवायची. तो ऐकत होता. मग म्हणाला, "पर टाइम लगेगा." मी म्हटलं, लागू दे. दोन वर्षं थांबलेली गाडी आहे, अजून एक दिवस थांबेल.

पहिली गोष्ट, धूळ कोरडी झाडायची नाही. फुंकायची नाही, हवेच्या पाइपनेही उडवायची नाही. ती पूड इतकी बारीक असते की नाकातून सरळ फुप्फुसात उतरते. जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये तर ऍस्बेस्टॉस असायचं, आणि मागच्या ड्रममध्ये ते वर्षानुवर्षं साचून राहतं. गॅरेजमध्ये ड्रम उघडून तोंडाने फुंकर मारणारे मिस्त्री मी किती पाहिले आहेत! आधी पाणी, मग हात.

(मिस्त्रीवरून आठवलं. आपण गोव्यात 'मेस्त' म्हणतो, तिकडे 'मिस्त्री'. दोघांचं मूळ पोर्तुगीजच. आपल्या 'बालदी'चं आणि तिकडच्या 'बाल्टी'चंही तसंच. बाघ नदीच्या काठी बाल्टी हातात घेतली तेव्हा मला उगाचच घरी आल्यासारखं वाटलं.)

दुसरी गोष्ट, चाक थंड असायला हवं आणि सावलीत. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीच्या तापलेल्या तबकडीवर गार पाणी ओतलं तर ती वाकू शकते, आणि उन्हात साबण किंवा औषध वाळून स्वतःच डाग पाडतं.

तिसरी गोष्ट मला आजीने शिकवली होती, मीच विसरलो होतो. भांडं घासायच्या आधी भिजू द्यायचं. भरपूर पाणी सोडून माती वाहून जाऊ दिली. मग बालदीत गाडी धुवायचा साबण कालवून ओली फडकी चाकावर गुंडाळून ठेवली, अर्धा तास. चाकांची बालदी वेगळी, फडकी वेगळी. तीच फडकी पुढे बॉनेटवर फिरवली तर त्यातले लोखंडाचे कण रंगावर ओरखडे काढतात. मग मऊ ब्रश, आणि नटांच्या खाचांत जुना टूथब्रश. तारेचा ब्रश, भांड्यांची काथ्या-घासणी, पॉलिश पेपर यांना हात लावायचा नाही. त्यांनी मळाआधी लेप जातो, आणि ओरखड्यांत पुढची पूड अधिक घट्ट बसते.

एवढं झाल्यावर निम्मं गेलं. उरलं ते मूळ धरलेलं. तिथे बाटली काढली. हातमोजे, चष्मा, मास्क. त्या मुलालाही घालायला लावले, तो लाजला पण घातले. हा द्रव आम्ल नसतो, त्याचं काम थायोग्लायकोलेट नावाच्या क्षाराने होतं. ब्यूटी पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या औषधात याच कुळातलं रसायन असतं, म्हणून वासही तसाच, कुजक्या अंड्यासारखा. तो फक्त लोखंडाला धरतो आणि धरलं की जांभळा होतो. फवारलं, आणि दोन मिनिटांत चाकावरून जांभळे ओघळ वाहू लागले. भाची किंचाळली, "मामा, चाकाला रक्त आलं!"

ताई पडवीत तांदूळ निवडत बसली होती. ती उठून आली आणि न बोलता बघत राहिली. मी तिला म्हटलं, हे लोखंड आहे ताई, ब्रेकचं. भावोजींनी जिथे जिथे गाडी थांबवली तिथलं. ती म्हणाली, "मग सगळंच काढतोस?" मला उत्तर सुचलं नाही.

चार-पाच मिनिटं ठेवून, वाळू न देता, भरपूर पाण्याने धुवायचं. एकदा, दोनदा, गरज पडली तर तिसऱ्यांदा. ओघळ जांभळे यायचे थांबले की लोखंड संपलं. राहिलेले डांबराचे ठिपके फडक्यावर थेंबभर रॉकेल घेऊन निघतात, मात्र ते रॉकेल तबकडीला आणि पॅडला लागता कामा नये, नाहीतर ब्रेक घसरेल. टायरवरही नको, रबर खराब होतं. आणि काही डाग निघतच नाहीत. लेपाच्या खाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा दिसल्या तर तो मळ नव्हे, धातूच खालून कुजलेला असतो. तिथे घासून उपयोग नाही, चाक रंगवणाऱ्याकडे द्यावं किंवा तसंच राहू द्यावं. भावोजींच्या एका चाकावर अशा दोन रेषा होत्या. राहू दिल्या.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते.

मागची दोन चाकं लवकर निघाली. ते अपेक्षितच होतं. त्या गाडीला मागे ड्रम ब्रेक, पूड आतच राहते, शिवाय ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि बहुतेक काम पुढची चाकं करतात. पुढचं डावं चाक दोन फवाऱ्यांत निघालं. पुढचं उजवं मात्र संपेचना. तीन वेळा फवारलं तरी जांभळं. थर जाड, आणि रंगही काळ्याऐवजी करपट तपकिरी.

भाचीने विचारलं, "मामा, इकडचंच एवढं काऊन?"

अगदी बरोबर प्रश्न. दोन्ही चाकं एकाच रस्त्यावरून धावली, एकाच पायाने थांबली. मग एकावर दुप्पट पूड का? मी ब्रश खाली ठेवला. सपाट जमिनीवर गाडी होती, मागच्या चाकांना दगड लावले, जॅक लावला, आधाराला लाकडाचे ओंडके सरकवले (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये), आणि चाक हाताने फिरवून पाहिलं. डावं मोकळं फिरलं. उजवं पाव फेरा जाऊन अडलं.

बालाघाटच्या रस्त्यावरचा एक मिस्त्री बोलावला. त्याने चाक काढलं आणि मान हलवली. ब्रेकचा जो जबडा पॅड दाबतो, तो दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. त्यातली एक पीन गंजून जाम झाली होती. म्हणजे ब्रेकवरून पाय काढला तरी पॅड तबकडीला घासतच राहायचा. आतला पॅड जवळजवळ संपून लोखंडी पाठीपर्यंत आला होता. मिस्त्री म्हणाला, "ये गाड़ी बहुत दिन से खींच रही थी. दो साल खड़ी रहने से नहीं हुआ, पहले का है."

ताई हळूच म्हणाली, "ते म्हणायचे, गाडी एका बाजूला ओढते, ऍव्हरेज पडलंय. दाखवू म्हणायचे. मग तो एप्रिल आला."

कोणी काही बोललं नाही. आंब्याखाली त्या चाकाचं शेवटचं जांभळं पाणी ओघळत होतं.

समजा, मी त्या मुलाची बाटली घेतली असती. चारही चाकं दोन मिनिटांत सारखीच चमकली असती. पूड गेली असती आणि ती जे सांगत होती तेही गेलं असतं. बॅटरी नवी, टायर नवे, झेंडूची माळ, आणि एकोणीस वर्षांची पोर ती गाडी घेऊन रोज गोंदियाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागली असती. भर पावसात, पुलाच्या उतारावर ब्रेक दाबला असता आणि गाडी एका बाजूला फिरली असती. पुढचा विचार मी करत नाही.

म्हणून तुम्हालाही सांगतो, चाक धुवायच्या आधी चारही चाकं कोरडी असताना नीट बघा. पुढची दोन साधारण सारखी काळी असली पाहिजेत. एक फार काळं असेल तर ब्रेक धरून बसला असेल. एक फारच स्वच्छ असेल तर उलट, त्या बाजूचा ब्रेक कामच करत नसेल. चाकाच्या आतल्या बाजूला काळं पण ओलसर, तेलकट दिसलं तर ते ब्रेकचं तेल गळत असेल, मग गाडी हलवूच नका. यातलं काही दिसलं तर आधी मिस्त्री, मग साबण.

मिस्त्रीने पिना काढून साफ करून ग्रीस भरलं, पॅड दोन्ही बाजूंचे बदलले (एकाच बाजूचे कधी बदलू नयेत), तबकड्या तासून घेतल्या, ब्रेकचं तेल नवं भरलं. टायर-बॅटरीचं काम गोंदियाला झालं. मी चाकांवर मेणाचा एक हात दिला. मेण लावलेल्या चाकावर नवी पूड मूळ धरत नाही, पंधरा दिवसांनी साध्या साबणपाण्याने निघून जाते. तेवढं नियमित केलं की बाटलीची गरजच पडत नाही. हट्टी मळ हा खरं तर मळ नसतोच, तो पुढे ढकललेला शनिवार-रविवार असतो.

त्या मुलाला एकच गोष्ट पटली नव्हती. तो म्हणाला, नदीवर नेली असती तर पाणी फुकट, उगाच विहिरीचं उपसलं. गोव्यात ओहोळावर गाड्या धुणारे आपणही काही कमी नाही. मी त्याला सांगितलं, या पुडीत तांबं असतं, आणि विरघळलेलं तांबं माशांना फार वाईट. अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१० साली एवढ्यासाठी कायदे केले आणि ब्रेक पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्याने जवळजवळ बंद करायला लावलं. ही राजेगावातली गोष्ट २०२३ ची. पुढच्याच वर्षी, २०२४ साली, युरोपीय संघाने धुराच्या बरोबरीने ब्रेकच्या पुडीवरही मर्यादा घातली. बहुतेक मोटारींसाठी ती किलोमीटरला सात मिलिग्रॅम ठरली. म्हणजे साऱ्या जगाने ज्याला चिखल समजून दुर्लक्ष केलं, ते आता मोजलं जाणार आहे. आमचं पाणी आम्ही आंब्याच्या पलीकडे खड्डा करून मातीत मुरवलं. आदर्श नाही, पण नदीपेक्षा बरं.

त्याच बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे आणि भरवेलीला मॅंगनीजची, आशियातल्या सर्वांत खोल भूमिगत मॅंगनीज खाणींत जिची गणना होते. ब्रेकच्या तबकडीच्या बिडात लोखंडासोबत थोडं मॅंगनीज असतं. लोखंड आमच्याकडचं म्हणा, मॅंगनीज-तांबं त्यांच्याकडचं म्हणा. आम्हा दोघांच्या जमिनीतून जे जे उकरून काढलं, ते शेवटी एका चाकावर पूड होऊन बसलेलं मी पाहिलं. हा योगायोगच, पण विसरता येत नाही.

दसऱ्याला सकाळी पूजा झाली. ताईने चारही चाकांना हळदकुंकू लावलं. उजव्या पुढच्या चाकापाशी ती जरा जास्त वेळ बसली. मग भाची गाडीत बसली, बाजूला ताई, मागे मी. धुतलेली गाडी काढताना पहिल्या शंभर-दोनशे मीटरमध्ये हळू चालवून तीन-चारदा ब्रेक दाबायचा, म्हणजे तबकड्या वाळतात आणि पॅड बसतात, हे मी भाचीला सांगितलं होतं. तिने गावाबाहेर पडल्यावर दाबला. गाडी सरळ थांबली, कुठेही ओढली नाही. ताईने खिडकीतून वाकून पुढच्या चाकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "चल आता."

पुलावरून जाताना बाघ नदीला पाणी भरपूर होतं.

परत येताना रेल्वेत मी हात धुतले तेव्हा नखांच्या कडांत अजून थोडं काळं होतं. मोजे घातले होते तरी कुठूनतरी शिरलंच. डिचोलीला पोचेपर्यंत ते गेलं नाही. मी फार घासलंही नाही.